क्रुसावरचं चुकलेलं नाव

नरखेड तालुक्यातल्या एका शाळेत बोलायला गेलो होतो. विषय होता पहिल्या महायुद्धातली विमानं. बाहेर आंबिया बहाराची संत्री उतरत होती, क्रेट भरून ट्रॅक्टरवर चढत होते, आणि पोरांचं निम्मं लक्ष तिकडंच होतं. मी फळ्यावर मानफ्रेड फॉन रिख्तहोफेन हे नाव लिहिलं आणि त्याच्यापुढं 80 हा आकडा. ऐंशी विमानं पाडणारा जर्मन माणूस. वर्ग जरा सावरून बसला. तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, आपल्याइकडला कोनी होता का जी त्याच्यात?"

"होता," मी म्हटलं. "मुंबईचा."

पोरांचे चेहरे पडले. नरखेडच्या पोराला मुंबई म्हणजे फ्रान्सच. तास पस्तीस मिनिटांचा, त्यातली वीस संपलेली. तेव्हा जे सांगायचं राहिलं ते या प्रकरणात सांगतो.

आधी शब्दाचा उलगडा. लढाऊ वैमानिकांच्या गोष्टींत 'एस' हा इंग्रजी शब्द सारखा भेटतो. तो मूळचा फ्रेंचांचा, आणि पत्त्याच्या डावातून उचललेला. आपल्याकडे त्याला एक्का हा शब्द आयताच आहे. 1915 साली फ्रेंच वर्तमानपत्रांनी आदोल्फ पेगू नावाच्या वैमानिकाला एक्का म्हणायला सुरुवात केली. युद्धाआधी विमानाच्या कोलांट्या करून दाखवण्याबद्दल हा गडी प्रसिद्ध होता. त्यानं शत्रूची काही विमानं पाडली, ऑगस्ट 1915 मध्ये तो स्वतःही पडला, पण शब्द राहिला. पुढं पाच विमानं पाडणाऱ्याला एक्का म्हणायचं असा रिवाज पडला. पाचच का? त्याला काही शास्त्र नाही. जर्मनांनी आपला सर्वांत मोठा सन्मान सुरुवातीला आठ विमानांवर दिला, मग विमानं जास्त पडू लागली तशी अट सोळावर नेली. इंग्रज सरकारनं तर एक्का ही पदवी अधिकृतपणे कधी मानलीच नाही. वर्तमानपत्रांनी मात्र मानली, आणि लोकांना तेवढं पुरलं.

खंदकांत रोज हजारो माणसं चिखलात मरत होती. त्यांची नावं छापून वाचणार कोण? वर आकाशात मात्र एकट्या माणसाची एकट्या माणसाशी झुंज, म्हणजे कुस्तीच्या फडासारखी गोष्ट. त्यात आकडा आला की लोकांना मोजायला, लक्षात ठेवायला सोपं जातं. क्रिकेटच्या धावा आपण जशा लक्षात ठेवतो, अगदी तसंच.

आता हा आकडा कसा जमत होता तेही पाहायला हवं, कारण पुढचा सगळा न्याय त्यावरच झाला. इंग्रजांच्या हिशेबात शत्रूचं विमान पेटलं किंवा जमिनीवर आपटलं तर ते नष्ट म्हणून जमा. ते गिरक्या खात ढगाआड गेलं आणि पडताना कुणाला दिसलं नाही, तरी ताबा सुटलेलं म्हणून तेही जमा. दोघांनी मिळून पाडलं तर दोघांच्याही खात्यावर. जर्मनांमध्ये अशी वाटणी नव्हती. एक विमान, एकच धनी. म्हणजे एकाच आकाशात, एकाच दिवशी, एकमेकांवर गोळ्या झाडणारी माणसं वेगवेगळ्या वह्यांत वेगवेगळ्या पद्धतीनं मोजली जात होती. या कारणानं दोन देशांच्या एक्क्यांचे आकडे शेजारी मांडून कोण मोठा हे ठरवणं मला तरी जमत नाही.

पहिल्या महायुद्धात चार हिंदी तरुण इंग्रजांच्या रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये वैमानिक म्हणून लढले. हरदितसिंग मलिक, इंद्रलाल रॉय, एरॉल सेन आणि श्रीकृष्ण वेलिंकर. चौघांत एकच एक्का ठरला, रॉय. वेलिंकर हा आपला मुंबईकर.

हे चौघं तिथवर पोचले कसे हेच आधी नवल. हिंदी माणसाला तेव्हा सैन्यात राजाचं कमिशन मिळत नसे. वीस-वीस वर्षं नोकरी केलेला मराठा सुभेदार-मेजरसुद्धा काल बोटीतून उतरलेल्या गोऱ्या लेफ्टनंटला सलाम ठोकायचा. हा दरवाजा किलकिला झाला तो ऑगस्ट 1917 मध्ये, तोही नऊ जणांपुरता. वैमानिक मात्र त्याआधीच आत शिरले, कारण ते हिंदुस्थानातून गेलेच नव्हते. चौघंही विलायतेत शिकत होते किंवा शिकलेले होते. मलिक ऑक्सफर्डचा, वेलिंकर केंब्रिजच्या जीझस कॉलेजचा, रॉय लंडनच्या सेंट पॉल्स शाळेचा. विमानदलाला माणसं कमी पडत होती. 1917 च्या एप्रिलमध्ये इतके वैमानिक गेले की त्या महिन्याला इंग्रजांनी रक्तबंबाळ एप्रिल असंच नाव पाडलं. मलिकला आधी नकारच मिळाला होता. तो फ्रेंचांकडे रुग्णवाहिका चालवायला गेला, फ्रेंच आपल्याला विमानदलात घ्यायला तयार आहेत असं त्यानं आपल्या ऑक्सफर्डच्या गुरूला कळवलं, आणि गुरूनं थेट विमानदलाच्या प्रमुखाला पत्र घातलं. फ्रेंच घेतात आणि आपण घेत नाही ही नामुष्की कामाला आली. पठ्ठ्या पगडी सोडायला तयार नव्हता, म्हणून पगडीवर बसेल असं शिरस्त्राण त्याच्यासाठी करून घेतलं गेलं.

इंद्रलाल रॉयची गोष्ट सांगायला सोपी आहे, कारण त्यात आकडे आहेत. जन्म कलकत्त्याचा, 2 डिसेंबर 1898. वडील बॅरिस्टर, आई ललिता लंडनमध्ये स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीतली. भाऊ परेशलाल पुढं भारतीय मुष्टियुद्धाचा जनक म्हणून ओळखला गेला. घरात सगळे त्याला लॅडी म्हणत. डोळ्यांच्या तपासणीत तो नापास झाला. तेव्हा मोटारसायकल विकून मोठ्या नेत्रतज्ज्ञाकडून पुन्हा डोळे तपासून घेतले असं सांगतात. 1917 च्या जुलैत कमिशन, ऑक्टोबरअखेर फ्रान्समधल्या 56 व्या स्क्वॉड्रनमध्ये नेमणूक, आणि 6 डिसेंबरला अपघात. विमान कोसळलं, हा बेशुद्ध. मेला समजून त्याला शवागारात ठेवलं आणि शुद्धीवर येऊन त्यानं आतून दार ठोठावलं, अशी कथा आहे. खरीखोटी कशीही असो, ती सांगितल्याशिवाय रॉयवरचा एकही लेख पुरा होत नाही, तेव्हा मीही सांगितली.

त्यानंतर तो उडायला अपात्र ठरला. त्यानं अधिकाऱ्यांच्या मागं लागून लागून पुन्हा परवानगी मिळवली, आणि 1918 च्या जूनमध्ये 40 व्या स्क्वॉड्रनमध्ये आला. तिथं त्याच्या तुकडीचा म्होरक्या होता जॉर्ज मॅकेलरॉय नावाचा आयरिश माणूस. नेम कसा धरायचा, किती जवळ गेल्याशिवाय घोडा ओढायचा नाही, हे शिकवायला असा वस्ताद मिळणं म्हणजे निम्मी लढाई जिंकणं. विमानही चांगलं होतं. एस.ई. 5 ए हे भक्कम, वेगवान आणि बंदुका चालवताना स्थिर राहणारं.

मग आले ते तेरा दिवस. 6 जुलैला एक विमान. 8 जुलैला चार तासांच्या आत तीन. 13 ला दोन, 15 ला दोन, 18 ला एक, 19 ला एक. एकूण दहा. हिशेबाच्या भाषेत पाच नष्ट, पाच ताबा सुटलेली, त्यांतली दोन वाटून घेतलेली. यादी नीट पाहिली तर आणखी एक गोष्ट दिसते. दहापैकी सहा विमानं दोन माणसांची होती, टेहळणी आणि फोटो काढणारी. वाचणाऱ्याला वाटतं ही सोपी शिकार. पण त्या विमानात मागं तोंड करून एक बंदूकधारी बसलेला असे, आणि खालच्या तोफखान्याला नेम सांगणारं, खंदकांचे फोटो नेणारं विमान पाडणं हेच खरं लष्करी काम होतं. लढाऊ विमान लढाऊ विमानाशी भिडतं ते बरेचदा या कामासाठी वाट मोकळी व्हावी म्हणून. गोष्टी मात्र द्वंद्वाच्याच सांगितल्या जातात.

22 जुलैला कार्व्हां गावावर फोकर विमानांशी झालेल्या चकमकीत रॉयचं विमान पेटून पडलं. वय एकोणीस. एकूण उड्डाण 170 तास. मरणोत्तर डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस, हा सन्मान मिळालेला पहिला हिंदी माणूस. नऊ दिवसांनी, 31 जुलैला, त्याचा वस्ताद मॅकेलरॉयही गेला. त्याच्या नावावर 47 विमानं होती. मॅकेलरॉयचा वस्ताद मिक मॅनॉक मधल्या 26 तारखेला गेला. पाडलेल्या विमानामागं खाली जाऊ नका, जमिनीवरून गोळी लागेल, असं मॅनॉक सगळ्यांना बजावत असे. तो स्वतः तसाच खाली गेला आणि जमिनीवरच्या गोळीनं पडला.

एस्तव्हेलच्या गावस्मशानात रॉयची कबर आहे आणि तिच्यावर बंगाली अक्षरं आहेत. कलकत्त्यात त्याच्या नावाचा रस्ता आहे. 1998 मध्ये जन्मशताब्दीला भारतीय टपालखात्यानं तिकीट काढलं. त्याचा भाचा सुब्रतो मुखर्जी 1954 मध्ये स्वतंत्र भारताच्या हवाईदलाचा पहिला भारतीय प्रमुख झाला. दहा हा आकडा त्याला पुरून उरला.

आता वेलिंकर. त्याचा जन्म मुंबईचा. केंब्रिज झालं आणि 1917 साली विमानदलात कमिशन मिळालं. 1918 मध्ये तो 23 व्या स्क्वॉड्रनमध्ये आला तेव्हा या स्क्वॉड्रनकडे नुकतीच सॉपविथ डॉल्फिन नावाची विमानं आली होती.

या विमानावर जरा थांबतो, कारण त्यात बसणं म्हणजे काय हे कळल्याशिवाय वेलिंकर कळत नाही. तेव्हाच्या बहुतेक विमानांना एकावर एक दोन पंख असत आणि वरचा पंख किंचित पुढं. डॉल्फिनचं उलटं होतं; वरचा पंख मागं सरकवलेला, आणि वैमानिकाचं डोकं त्या पंखाच्या मधल्या उघड्या सांगाड्यातून वर आलेलं. त्यामुळं आकाश फार छान दिसे. पण उतरताना विमान उलटलं तर सगळ्यांत आधी जमिनीला लागणार ते डोकं, वर विमानाचं ओझं. वैमानिकांना हे पुरेपूर ठाऊक होतं. इंजिन दोनशे अश्वशक्तीचं, आणि त्याचे गिअर मोडण्याबद्दल कुप्रसिद्ध. दहा हजार फुटांवर वेग ताशी एकशे नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर. नरखेडहून काटोल, कळमेश्वर करत रेल्वे नागपूरला जाते त्या सगळ्या वाटेवरून हे विमान पंचवीसेक मिनिटांत गेलं असतं. आज ऐकायला हा वेग काहीच नाही. पण डोक्यावर छप्पर नाही, समोर तोंडावर बर्फासारखा वारा, श्वासाला हवा विरळ, चेहऱ्याला चरबी फासलेली, आणि पाठीशी हवाई छत्री नाही. ती इंग्रज विमानांच्या वैमानिकांना युद्ध संपेपर्यंत दिलीच गेली नाही. जर्मनांनी 1918 मध्ये दिली. विमान पेटलं की इंग्रजांकडच्या वैमानिकापुढं दोनच वाटा उरत, जळायचं किंवा उडी टाकायची.

27 जून 1918 ला श्रीकृष्ण वेलिंकर सॉम नदीच्या बाजूला डॉल्फिन घेऊन गस्तीवर गेला आणि परत आला नाही. तो जखमी अवस्थेत जर्मनांच्या हाती लागला आणि तीन दिवसांनी, 30 जूनला, कैदेतच वारला. त्याच्या मरणानंतर बरोबर सहाव्या दिवशी रॉयनं आपलं पहिलं विमान पाडलं. दोघांच्या कबरींमधलं अंतर नागपूर-नरखेड इतकंच, थोडं इकडंतिकडं. दोघांची कधी गाठ पडली की नाही कोण जाणे, पण एकच आकाश एकाच उन्हाळ्यात दोघांनी वाटून घेतलं.

जर्मनांनी वेलिंकरला रीतसर पुरलं. क्रुसावर नाव लिहायचं तर आधी ते ऐकायला हवं, मग वाचता यायला हवं. लिहिणाऱ्याच्या हातून वेलिंकरचा झाला वुमकर. त्याच्या हुद्द्याचंही जर्मन भाषांतर झालं, ओबरलॉइटनंट. म्हणजे क्रुसावर जो माणूस होता तो ना मुंबईचा राहिला, ना इंग्रज दलातला. एस. सी. वुमकर नावाचा कुणी जर्मन अधिकारी वाटावा असा मामला. घरच्यांना बेपत्ता एवढंच कळलेलं. युद्ध संपल्यावरही काही काळ शोध चालला, आणि मग हा वुमकर म्हणजेच वेलिंकर असा उलगडा झाला. आज तो आंगार या खेड्याच्या स्मशानभूमीत, राष्ट्रकुलाच्या पांढऱ्या दगडाखाली आहे. दगडावर साम्राज्याचा शूर पुत्र अशा अर्थाची ओळ कोरलेली आहे. साम्राज्य गेलं, ओळ आहे.

या खेड्यापासून दहाएक किलोमीटरवर, दोनच महिने आधी, 21 एप्रिल 1918 ला रिख्तहोफेन पडला होता. त्याला त्याच्या शत्रूंनी, ऑस्ट्रेलियन वैमानिकांनी, खांद्यावरून नेलं, बंदुकांची सलामी दिली, कबरीवर फुलं वाहिली, नाव नीट लिहिलं. त्या प्रेतयात्रेचे फोटो आहेत. शत्रूचा मान ठेवण्याची रीत दोन्ही बाजूंना होती, यात शंका नाही. पण ऐंशी हा आकडा ज्याच्या मागं आहे त्याच्या नावाचं स्पेलिंग कुणी चुकत नाही.

वेलिंकरच्या नावापुढं लिहावा असा आकडा माझ्याकडं नाही. तो एक्का नव्हता. कमी शूर होता म्हणून नव्हता असं मात्र कुणी म्हणू नये. रॉयला मॅकेलरॉय भेटला, हाती मुरलेलं विमान आलं, आणि समोरच्या क्षेत्रात टेहळणी विमानांची वर्दळ होती. वेलिंकरला नवं, नखरेल विमान मिळालं. तेरा दिवसांच्या आधी रॉयच्या खात्यावरही शून्यच होतं. 6 डिसेंबरचा तो अपघात जिवावर बेतला असता तर आज त्याचंही नाव वेलिंकरच्याच रांगेत असतं.

रॉयनंतर या देशात तसा एक्का झाला नाही. भारतीय हवाईदल 8 ऑक्टोबर 1932 ला स्थापन झालं. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात आपल्या वैमानिकांना हरिकेन विमानं मिळाली आणि काम मिळालं जंगलावरून कमी उंचीवर उडत टेहळणीचं, पायदळाच्या मदतीला बाँब टाकण्याचं. त्यात विमानं पाडायची संधी कमी आणि स्वतः पडण्याची पुष्कळ. हृषिकेश मुळगावकरांसारखे मराठी वैमानिक त्या पिढीतले. 1947-48 च्या काश्मीर युद्धात त्यांना महावीरचक्र मिळालं आणि 1976 ते 78 ते हवाईदलाचे प्रमुख होते. त्यांच्या नावापुढंही पाडलेल्या विमानांचा आकडा कुणी लिहीत नाही. 1965 चं युद्ध तीनएक आठवड्यांचं, 1971 चं तेरा दिवसांचं. एवढ्यात पाच विमानं कुठून पाडायची? पाकिस्तान आपल्या एम. एम. आलम यांना एका दिवसात पाच विमानं पाडल्याचं श्रेय देतं, भारताला तो आकडा मान्य नाही. 1915 पासूनचं मोजणीचं भांडण मिटलेलं नाही.

आणि नावाचंही नाही. 5 डिसेंबर 1971 ला फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे यांचं सुखोई 7 विमान पाकिस्तानातल्या शोरकोट तळावरच्या हल्ल्यात पडलं. त्यांची पत्नी दमयंती बॅडमिंटनमधली राष्ट्रीय विजेती, अर्जुन पुरस्कार मिळालेली. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. त्याच सुमाराला ढाक्याच्या एका वर्तमानपत्रात पाच भारतीय वैमानिक जिवंत पकडल्याची बातमी आली, आणि नावांत एक होतं टोंबे. टोंबे नावाचा वैमानिक आपल्या हवाईदलात नव्हता. तांबे होते. बेपत्ता 54 भारतीय सैनिकांच्या यादीत त्यांचं नाव आहे. पाकिस्तान म्हणतं असा कुणी आमच्याकडं नाही. 2007 साली बेपत्तांच्या नातेवाइकांचं शिष्टमंडळ तिथल्या तुरुंगांतून फिरून आलं, हात हलवत. वुमकरचा वेलिंकर व्हायला काही वर्षं लागली. टोंबेचा तांबे अजून झालेला नाही.

तांबे जमिनीवर मारा करणाऱ्या विमानात होते. त्या कामात विमानं पाडल्याची नोंद होत नाही, त्यामुळं त्यांचाही आकडा नाही.

शाळेत यातलं फारसं सांगता आलं नाही. घंटा व्हायला आली होती. मी फळ्यावर रिख्तहोफेनच्या खाली श्रीकृष्ण वेलिंकर एवढं लिहिलं आणि साल घातलं, 1918. पुढं आकडा का नाही, असं एका मुलीनं विचारलं. तेवढ्यात वर पांढरी रेघ ओढत एक विमान गेलं. नागपूरच्या आकाशातून देशाचे चारही कोपरे एकमेकांना मिळतात. 1949 मध्ये दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून रात्री टपाल घेऊन निघालेली विमानं नागपुरात भेटून थैल्यांची अदलाबदल करत आणि आपापल्या गावी परतत. हवाईदलाच्या देखभाल विभागाचं मुख्यालयही तिथंच, वायुसेनानगरात. या पोरांना विमान नवं नाही. तरी सगळी खिडकीकडं धावली, आणि त्या मुलीचा प्रश्न तसाच राहिला.

प्रश्न विचारणाऱ्या मागच्या बाकावरच्या पोरानं मात्र फळ्यावरचं उतरवून घेतलं होतं. जाताना त्यानं वही दाखवली. रिख्तहोफेन बिनचूक होता, जोडाक्षरासकट. खाली लिहिलं होतं, श्रीकृष्ण वेलणकर.

मी त्याचंच पेन मागून घेतलं आणि दुरुस्त करून दिलं.